पडवीतली घोकंपट्टी

मोगऱ्याचा वास आला की जूचंद्रच्या घराची पडवी आठवते. आई गजरे करायची आणि मी शेजारी बसून नर्सिंगचे लांबलचक शब्द तोडून मोठ्यानं घोकायचे. हिस्टर म्हणजे गर्भाची पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. माझ्या एकेका तुकड्यावर तिची दोऱ्याला एकेक गाठ पडायची. पुढं एकदा डॉक्टर तिच्यासमोरच मला म्हणाले, "हिस्टरेक्टॉमी करावी लागेल." बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं, "काही नाही गं, साधी तपासणी आहे." आईनं पदर सारखा केला. "पिशवी काढनार ना? तुज्यासोबत मीपन पाठ केलंय. खोटं नको बोलू." आता वॉर्डात नातेवाईक कुजबुजतात, "पेशंटला काही सांगू नका," तेव्हा मला त्या गाठी पडताना दिसतात.