एकोणतीस आठे

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती गावाचं ऐकायची आणि घरी आली की धाकट्या भावाचं. पहिलं काम निवृत्तीबरोबर सुटलं. दुसरं काही सुटायचं नाव घेईना.

भावाला मिसरूड फुटायच्या वयापासून फिट यायच्या. बोलता बोलता नजर हरवायची, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे आणि कधी कधी गडी धाडकन आडवाच व्हायचा. म्हणून तो आगीपाशी गेला नाही, यंत्रापाशी गेला नाही, शिडीवर चढला नाही. खिडकीशी बसून वेताच्या खुर्च्या विणायचा. हात इतका छान की लोक लांबून मोडक्या खुर्च्या घेऊन यायचे. प्रश्न फक्त आंघोळीचा होता. निसरडी फरशी, बंद दार, आत एकटा माणूस! आईने तेव्हाच नियम घालून दिला होता, कडी लावायची नाही आणि आत असेपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही. गाणं म्हणायची त्याची तयारी होती, ऐकायची घरात कुणाची नव्हती. म्हणून पाढे ठरले.

आई गेल्यावर दाराबाहेरचं स्टूल ताईकडे आलं. टॉवेल मांडीवर घेऊन ती बसायची. पाढा थांबला की विचारायची, "पुढे?" उत्तर आलं नाही की आत धाव. सगळा घोळ एकोणतिसाच्या पाढ्याचा. आठ्यापाशी हा हमखास अडायचा. ताईने धडपडत आत शिरावं, तर महाशय पंचा गुंडाळून, डोक्याला फेस लावून छताकडे बघत उभे!

"अगं, मला काही झालेलं नाही. आठे आठवत नाहीयेत!"

"मग अठ्ठाविसावर थांबत जा ना!"

"तेवढ्यात माझे नुसते पाय धुऊन होतात."

भावाने साठी ओलांडली, तोवर सगळी औषधं करून झाली होती. मग एक नव्या डॉक्टरीणबाई भेटल्या. उजव्या कानशिलाच्या आत जुना व्रण आहे, फिट तिथूनच उठतात, तेवढा भाग काढता येईल, असं त्या म्हणाल्या.

"या वयात डोकं उघडायचं?" ताईने विचारलं.

"नुसतं वय बघून नाही म्हणायचे दिवस गेले. तरुण माणसापेक्षा धोका थोडा जास्त आहे, आठवणीला धक्का बसू शकतो, ते मी लपवणार नाही. पण या वयात फिट येऊन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर तेही काही कमी नाही."

"करून टाकू," भाऊ म्हणाला.

"एवढी घाई कशाला?" ताई म्हणाली. ऑपरेशनच्या भीतीने म्हणाली, असं तिने स्वतःला समजावलं. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. हा बरा झाला, तर आपण करायचं काय? एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरने लग्नाचं विचारलं होतं, तेव्हा 'भावाला कोण बघणार' म्हणून तिने नकार दिला होता. मैत्रिणींच्या सहलींनाही हेच कारण पुरलं. भावाच्या आजारामागे ती खंबीर उभी राहिली होती, तशी बरीचशी लपलीही होती.

तपासणीसाठी त्याच्या डोक्याला तारा चिकटवल्या, औषधं कमी केली, समोर कॅमेरा लावला. फिट नेमकी तिथूनच उठते ना, हे बघायला ती मुद्दाम येऊ द्यायची होती. आली की ताईने फक्त खुणेचं बटण दाबायचं. जी येऊ नये म्हणून जन्मभर जीव टाकला, तिचीच वाट बघत ती बसली. आणि आली तेव्हा बटणाकडे ढुंकूनही न बघता तिने झेप घेतली, त्याला कुशीवर वळवलं आणि कॅमेऱ्याच्या बरोबर आड उभी राहिली.

"ताई, आम्हाला त्यांची फिट बघायची होती, तुमची पाठ नाही!" तंत्रज्ञ कपाळाला हात लावून म्हणाला. पुढच्या वेळी बटण नर्सकडे गेलं.

ऑपरेशन झालं. तो नीट बोलायला लागल्यावर ताईने त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "एकोणतीस आठे?"

त्याने छताकडे बघितलं. ताई नर्सला हाक मारायला वळली.

"ते आधी तरी कुठे येत होतं?" तो पुटपुटला. ताई तिथेच रडली.

फिट थांबल्या. गोळ्या चालू होत्या, पण वर्ष उलटलं तरी एकही आली नाही. मग एका सकाळी बाथरूमची कडी वाजली.

"कडी का लावलीस?"

"डॉक्टर हो म्हणाल्यात."

आत नुसतं पाणी वाजत होतं. पाढे नाहीत. ताई टॉवेल घेऊन तशीच बसून राहिली.

"ताई, बाहेर बसलीयेस का?"

"छे!"

"मग आवाज इतक्या जवळून कसा येतोय?"

पुढे त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या फर्निचरच्या कारखान्यात वेत विणायचं काम मिळालं. किल्ली खिशात टाकून तो सकाळीच निघायचा, संध्याकाळी पोतंभर गप्पा घेऊन यायचा. ताईला आनंद झाला होता, अगदी मनापासून. पण दिवसभर घर खायला उठायचं. फोन आला आणि राँग नंबर निघाला, तरी ती "थांबा, तुम्हाला कोण हवंय?" म्हणत त्या माणसाला धरून ठेवायची.

एकदा आंघोळ करताना तिचाच पाय सरकला. नळ हाताला लागला म्हणून वाचली. लागलं काही नव्हतं, पण ती खालीच बसून राहिली. घरात चिटपाखरू नव्हतं. या दाराबाहेर आपल्यासाठी आजवर कुणीच बसलं नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं आणि फार लागलं.

"उद्यापासून मी आंघोळीला गेले की तू बाहेर बस," रात्री जेवताना ती म्हणाली.

"का गं? बरं वाटत नाही का?"

"बरी आहे. तरी बस."

"बसतो," तो म्हणाला.

सकाळी ती आत गेली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून पाढे सुरू केले. आधी लाजत, मग मोकळ्या आवाजात. एकोणतीस आठ्यापाशी आल्यावर ती मुद्दाम थांबली. तिला ते येत होतं, तिला सगळेच येत होते. नळ बंद करून तिने कान दिला.

कुणी 'पुढे?' म्हणालं नाही.

ती घाईघाईने कपडे घालून बाहेर आली. भाऊ स्टुलावरच होता, पायात बूट, मांडीवर तिचा टॉवेल, मान छातीवर पडलेली. ताईचे हात त्याला कुशीवर वळवायला पुढे झालेसुद्धा. तेवढ्यात तो घोरला.

बसायला तो बसला होता. जागं राहून ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, आता या वयात ते त्याला कोण शिकवणार?

"दोनशे बत्तीस," ताई हळूच म्हणाली. त्याला कामावर जायला उशीर होत होता. तरी तिने त्याला लगेच उठवलं नाही. ओल्या केसांनी ती त्याच्या शेजारी फरशीवर टेकली आणि सवयीने त्याचा श्वास ऐकत बसली.