राईतलं राईत

आमच्या शेजारच्या सुमनकाकू देवराईतून बाहेर पडताना पायवाटेवरच्या शेवटच्या दगडापाशी थांबतात आणि पदर झटकतात. निऱ्यांना चिकटलेल्या बिया काढून पुन्हा आत टाकतात. देवाच्या राईतली काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हा गावाचा नियम. काल मीही छत्री उघडून झटकली, तर तिच्यातून एक ओलं पान पडलं.

"हयचा हयच रवांदे," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात पंखांचा मोठा आवाज करत डोक्यावरून धनेश गेला. चोचीत रानजायफळाचं लालभडक बी घेऊन तो थेट राईबाहेर उडाला. मी काकूंकडे पाहिलं.

"तेका कोण अडवतलो? राय तेचीच," त्या हसल्या.

या राईला कुंपण नाही, राखणदार नाही. आजूबाजूचे डोंगर उघडे करून लोकांनी काजू लावले, तरी एवढं दाट, भर दुपारीही काळोखं रान उरलं आहे, ते बहुतेक अशा झटकलेल्या पदरांच्या जोरावर. हा विचार मला फार बरा वाटला.

पुढे काकूंची काजूची बाग लागली. आदल्याच दिवशी सगळं गवत कापून जमीन स्वच्छ केलेली. मधोमध मात्र रानजायफळाचं वीतभर रोप उभं होतं. कोयता त्याला वळसा घालून गेला होता.

"तुम्ही लावलंत?"

"नाय गो. राईतसून इलां."

त्यांनी पायाने थोडा पाचोळा रोपाच्या बुडाशी सारला. मग तिथून निघताना काकूंनी, राईच्या शेवटच्या दगडापाशी झटकतात तसाच, पुन्हा एकदा पदर झटकला.