बंद तारेतली ठिणगी

आमच्या मनोऱ्यांवरून वीजवाहिनीच्या दोन बाजू जातात. डावी बाजू दुरुस्तीसाठी दोन्ही टोकांना बंद केली होती. उजवीतून वीज केंद्राकडून शहराकडे चाललीच होती. भर दुपार होती. काम सुरू करण्याच्या परवान्यावर इंजिनिअर म्हणून सही करून मी आमचे जुने लाइनमन दत्तूभाऊ यांना म्हणाले, "तार बंद आहे. खुशाल हात लावा."

"बंद तुमच्या कागदावर, मॅडम," कमरेचा पट्टा आवळत ते म्हणाले. "तिला कुणी कळवलंय?"

वर पोहोचल्यावर त्यांनी हात न लावता तारेतली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची लांब काठी तारेजवळ नेली. काठी टेकण्याआधीच निळी ठिणगी तडतडली.

वीज पाण्यासारखी तारेतून वाहत घरी येते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तारेतले कण जागच्या जागी थरथरतात. ऊर्जा येते ती तारेभोवतीच्या मोकळ्या जागेतून. तीच जागा शेजारच्या बंद तारेलाही भारून टाकते. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते. त्या आकृतीत माणूस नव्हता. इथे त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत दत्तूभाऊ उभे होते, आणि तारेला हात लावायला त्यांना मीच सांगितले होते.

काठी तारेला अडकवून त्यांनी खाली पाहिले. "आता गप्प झाली. आता लावतो हात."

वारा पडला होता. उजवीकडच्या तारा बारीक गुणगुणत होत्या. मनोऱ्याच्या पायावर टेकवलेला माझा हात मी केव्हा काढून घेतला, ते मला सांगता येणार नाही.