दोनच माणसांची खोली

भाड्याच्या घरात सामान साठू देता येत नाही, अकरा महिन्यांनी ते उचलावं लागतं. किस्से मात्र साठतात. त्यांना टेम्पो लागत नाही! पुण्यातले मित्र म्हणतात, यवतमाळ स्वस्त आहे. खरंय. माझ्या पगारात इथे खोली मिळते. फक्त त्या खोलीत माझी आई बसत नाही.

वडील गेल्यापासून आई आर्णीकडच्या आमच्या बंजारा तांड्यावर एकटी असते. मी लॅबमध्ये, सकाळी सहाला रक्त घ्यायला हजर, म्हणून रोजची ये-जा जमत नाही. तिला इकडे आणायचं, एवढीच माझी इच्छा.

पहिल्या घरमालकीण काकूंनी आडनाव विचारलं. राठोड म्हटल्यावर चष्मा वर केला.

“म्हंजे तांड्यावरचे. तुमच्याकडे पाव्हणे लई येत असन.”

“नाही काकू, एक आईच येईल.”

“एक-एक करूनच तांडा होते, बाप्पा!”

माझी बायको हसली, मीही हसलो. खोली हवी होती ना! अॅग्रीमेंटमध्ये माणसं दोनच लिहिली.

दुसऱ्या मालकांचा नियम पाण्याचा. नळ चार-पाच दिवसांनी येणार, ड्रम माणशी एक. “पाव्हणा आला त त्याचं पाणी त्यानं आणावं,” हे त्यांनी गमतीत म्हटलं असावं. मी आईला फोनवर गंमत म्हणूनच सांगितलं. पुढच्या रविवारी ती एसटीतून उतरली, ती दोन्ही हातांत विहिरीच्या पाण्याच्या कॅन घेऊन! वाटेत कंडक्टरनं विचारलं होतं, “काहून मावशी, यवतमाळात पाणी नाही काय?”

“पाणी हाये, पण ते घरमालकाचं हाये.”

ती दोन दिवस राहिली, स्वतःचंच पाणी प्यायली. ती निघाली तेव्हा मालकांनी तिच्या कॅन पाहिल्या.

“उरलं असन त टाकीत टाकून द्या,” म्हणाले.

तिसरे मालक मात्र भले. “आईले नाही कोन म्हणते?” असं तेच म्हणाले. आम्ही टेम्पो भरून त्यांच्या दारात पोचलो, तर ते मान खाली घालून उभे.

“राठोड, माफ करा. भावानं आमच्या मायले माह्याकडं पाठोलं. आता तिले घरात कुठं ठेवू? ही खोली तिलेच द्यावं म्हणतो.”

टेम्पोवाला म्हणाला, “मंग दोर सोडतच नाही.”

आई तेव्हा आर्णीच्या स्टँडवर गाठोडं घेऊन बसली होती. मी फोन करून म्हटलं, घरी जा. तिनं कारणही विचारलं नाही. मला टेम्पोतच रडू आलं.

दिवाळीला तांड्यावर गेलो. वडिलांनी माझ्यासाठी बांधलेल्या पुढच्या खोलीला नवं कुलूप होतं. शाळेतल्या नव्या मॅडमना भाड्यानं दिली, आई आमच्या गोरबोलीत म्हणाली. तू इथे येत नाहीस, आणि मी आता तिकडे येत नाही. गाठोडं सोडून तिनं लुगडी परत पेटीत ठेवली होती.

तेवढ्यात मॅडम आल्या आणि दारातच अडखळल्या.

“मावशी, माही आई घरी एकटीच असते. आठ दिवस येऊन राह्यली त चालन का?”

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“कायले विचारतं? येऊ दे. फक्त फोन करून सांग तिले, पाणी आणू नको मनावं.”