टेकूची सायकल

आमच्या घरात मोठी खरेदी मी करते. जव्हारच्या शाळेत गणित शिकवते म्हणून नव्हे. दुकानदाराला चार प्रश्न विचारायची मला लाज वाटत नाही, म्हणून. त्यामुळे ह्यांची अँजिओप्लास्टी झाल्यावर घरी व्यायामाचं मशीन आणायचं ठरलं, तेव्हा ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

डॉक्टरांनी खरं तर चालायला सांगितलं होतं. पण पावसाळ्यात आमच्या चढाच्या रस्त्यावर शेवाळ धरतं, आणि धुकं इतकं की समोरची जीप हॉर्न ऐकूनच कळते. शिवाय हे घराबाहेर पडायलाच तयार नव्हते. कचेरीत असताना गावोगाव फिरलेला माणूस, आता बाथरूमपर्यंतसुद्धा छातीवर हात ठेवून जायचा. तो हात मला बघवत नसे.

ठाण्याहून मुलीचा फोन आला. "आई, ट्रेडमिलच घे. इथे सगळ्यांकडे तीच आहे."

"तुमच्याकडे लाइट जात नाही," मी म्हटलं. "इथे मध्येच पट्टा थांबला आणि बाबा तोंडावर आपटले तर?"

नेमका किती व्यायाम करायचा, हे मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "व्यायाम करताना त्यांना नीट बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं, तर कमी करा. छातीत दुखलं, तर थांबा आणि लगेच मला कळवा." मला एवढं पुरेसं होतं.

आम्ही नाशिकला गेलो. दुकानाच्या मालकांनी चहा पाजला आणि ह्यांना आधी ट्रेडमिलवरच चढवलं. ह्यांनी दोन्ही दांडे घट्ट धरले. मी विचारलं, "कसं वाटतंय?" नुसती मान हलली.

"उतरा," मी म्हटलं.

उभ्याने हातपाय एकदम चालवायच्या मशीनवर गुडघे कुरकुरले. वल्ही मारल्यासारखा दांडा ओढायचं मशीन जमिनीलगत होतं. त्यावरून उठतानाच ह्यांना आधार लागला. मालक पुन्हा ट्रेडमिलवरची सवलत सांगू लागले. तेवढ्यात मला कोपऱ्यात एक सायकल दिसली. बसायला खुर्चीसारखी, पाठीला टेकू आणि पायडल पुढच्या बाजूला. हे बसले, पाय मारू लागले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, ह्यांचा चहा फार पाणचट होता."

मालक ओशाळले. ह्यांचं मात्र चालूच राहिलं. दुकानातला गारवा, गाडी लावायची पंचाईत, घाटातले खड्डे. इतकं सलग ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. मी बोलू दिलं.

"हिला वीज लागते?"

"नाही मॅडम, चुंबकावर चालते. आकडे दिसायला तेवढे सेल घालायचे."

"मग हीच द्या."

घरी पहिल्याच दिवशी हे पाय मारता मारता गपकन थांबले. चेहरा उतरला होता. "धडधडतंय."

मी धावत जवळ गेले. "दुखतंय का? धाप लागलीय?"

"नाही. नुसतं धडधडतंय."

मी त्यांना उठवून पलंगावर बसवलं, पदर खोचला आणि स्वतः सायकलवर बसले. घाम फुटेपर्यंत जोरात पाय मारले. मग त्यांची बोटं माझ्या मनगटावर ठेवली.

"बघा."

ते लक्ष देऊन नाडी बघत राहिले. "तुझं तर माझ्यापेक्षा जास्त धडधडतंय!"

"मग? मी आजारी आहे का?"

ते हसले. मलाही हसू आलं आणि डोळे भरून आले. आजारपणानंतर आपल्याच छातीला भिऊन राहिलेला हा माणूस थोड्या वेळाने आपण होऊन पुन्हा सायकलवर बसला.

पावसाळाभर आम्ही आळीपाळीने ती चालवली. तपासणीत डॉक्टर खूश झाले. मुलीने अजूनही हार मानलेली नाही. ट्रेडमिलचे फोटो येतच असतात.

भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी शाळेतून घरी आले, तर दाराला कुलूप. हे एकटेच जीपने दाभोशाला, जुन्या सोबत्याच्या शेतावर गेले होते. संध्याकाळी परतले ते पायांना चिखल आणि हातात काकड्यांची पिशवी घेऊन.

"सांगून जायचं ना!" मी म्हटलं.

"सांगितलं असतं, तर तू बरोबर आली असतीस," ते म्हणाले, आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.