साड्यांच्या छताखालचं थेटर

नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं की मला झोपेतसुद्धा प्रश्न दिसतात. विधिमंडळात विचारायचे प्रश्न. आमच्या आमदारबाईंना ते लिहून देणं हे माझं काम, आणि त्यांची चाल ठरलेली असते. अमुक इमारत मोडकळीस आली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? पहिल्याच ओळीला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की खाली सगळीकडे ‘प्रश्न उद्भवत नाही’. संपला विषय. गेल्या खेपेला एका बारवेच्या प्रश्नावर असंच तोंडघशी पडल्यावर बाई म्हणाल्या, आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून मी, सगळा जन्म पुण्यात काढलेली बाई, एका गारठलेल्या सकाळी यवतमाळच्या गाडीत बसले.

जायचं होतं फुलसावंगीच्या पुढच्या एका लहान गावात. तिथल्या सरपंच सुमनताईंनी बाईंना सांगितलं होतं की गावचं जुनं थेटर पडायला आलंय. थेटर म्हणजे सिनेमाचं नव्हे, दंडारीचं (गाणी, नाच आणि सोंगं असलेलं इकडचं लोकनाट्य). त्याला सांस्कृतिक निधीतून पैसे मिळावेत, वारशाच्या इमारतींत त्याची नोंद व्हावी आणि तिथवर रस्त्याला दिवे लागावेत, असा तिहेरी प्रश्न आम्हाला विचारायचा होता. येतेय म्हणून मी सुमनताईंना फोनही करून ठेवला होता.

यवतमाळला गाडी बदलली आणि खिडकीशी बसले. बाहेर धुकं होतं. धुक्यात कापूस फुटलेला, त्यामुळे शेत कुठे संपतं नि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकला होता. पाहता पाहता डोळा लागला आणि उतरायचं होतं ते आर्णी मागे पडलं! शेजारच्या आजींनी हलवून उठवलं आणि विचारलं, “काहून वं बाई, माहूरले चालली का?” मी धडपडत पुढच्या फाट्यावर उतरले. आर्णीच्या बाजारात कापूस घेऊन निघालेल्या एका गाडीवाल्याने मला पुढे बसवून परत आणून सोडलं. अंगभर कापूस चिकटला होता, आणि खरं सांगते, मला तो झटकावासा वाटेना.

आर्णीहून दुसरी गाडी धरून फुलसावंगीला पोचले, तर सुमनताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, हसऱ्या, बोलायला मोकळ्या. तुरीच्या शेतांमधून जाताना त्या सारखं मागे वळून सांगत होत्या, पाहाच तुम्ही आमचं थेटर. त्यांच्या आवाजातला आनंद मला जरा खटकला. पडक्या इमारतीबद्दल कुणी इतकं खुशीत बोलत नाही.

आणि थेटर दिसलं. पांढरंशुभ्र! भिंतींना नवा चुना, सागाच्या जुन्या खांबांना चकचकीत चॉकलेटी ऑइलपेंट, भेगांत सिमेंट, दारात सडा-रांगोळी. आत जमीन शेणाने सारवलेली आणि वर, छपराखाली, साड्या एकमेकींना शिवून ताणून बांधलेलं भलंमोठं छत. मी येणार म्हणून गावाने आठवडाभर खपून हे केलं होतं. बायकांनी घरटी एकेक साडी दिली होती. कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी राहिला. तरी फोटो काढले. एकेक फोटो ओरडून सांगत होता की हे खरे नाही.

सुमनताईंना बाजूला घेऊन अडचण सांगितली. त्यांचा चेहरा उतरला.

“पण मॅडम, पाव्हणे येतात म्हनल्यावर घर आवरतेतच ना? पसारा कसा दाखवाचा?”

माझ्याकडे कुणी यायचं असलं की मीही वर्तमानपत्रांचा गठ्ठा पलंगाखाली सारते.

जेवायला त्यांच्या घरी नेलं. सोले (ओल्या तुरीचे दाणे) घालून केलेली झणझणीत भाजी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी. समोर त्यांचे सासरे गुलाबराव बसले होते, सत्तरी ओलांडलेले, दंडारीतले मुख्य गाणारे. गेल्या साली ऐन दंडारीत थेटराच्या आड्याने (छपराचा मधला मोठा वासा) मोठा आवाज केला आणि लोक बाहेर पळाले. तेव्हापासून दंडार शाळेच्या पटांगणात होते, भोंगा लावून. गुलाबराव तिथे गात नाहीत. का, म्हणून विचारलं तर घास तसाच हातात धरून म्हणाले, “बाहेर गातो तं आवाज निंघून जाते, बाई. भितर भिंती धरून ठेवतेत त्याले. मायं आता किती दिवस गाणं राह्यलं? एक डाव भितर गाऊ द्या, बस.”

मला भाकरी गोड लागेना. सरकारकडून ‘प्रश्न उद्भवत नाही’ आलं की या माणसाचं गाणं पटांगणातच संपणार, आणि ते उत्तर येण्याजोगी सगळी तयारी गावाने आपल्याच हातांनी करून ठेवलेली.

दुपारी थेटरात सतरंजी अंथरून मला आडवं व्हायला सांगितलं. गार सारवण, चुन्याचा वास, बाहेर कुठेतरी कबुतरं घुमत होती. वर साड्या वाऱ्याने फुगत होत्या आणि बसत होत्या. हिरवी, लिंबोळी, डाळिंबी आणि मधोमध एक जांभळी. त्यांचे रंग जमिनीवर उतरले होते आणि हळूहळू सरकत होते. माझ्या पांढऱ्या ओढणीवर हिरवा ठिपका आला, तिथून हातावर गेला. किती वेळ मी तशी पडून होते देव जाणे. इतकं सुंदर काही मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पुणं, नागपूर, प्रश्न, सगळं लांब राहिलं होतं.

मग एकदम उठून बसले. उजेड येतोय कुठून? वर छप्पर आहे ना?

गुलाबराव दारातच बसले होते. मी म्हटलं, काका, वरचं छप्पर फोटोत यायला हवं, हे छत सोडावं लागेल. ते आधी नाहीच म्हणाले. मी समजावलं, सुमनताईंनी समजावलं. अखेर सुमनताईंनीच मला हळूच सांगितलं की ती जांभळी साडी सासूबाईंची आहे. त्या दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्या. दरवर्षी दंडारीआधी थेटर त्याच सारवायच्या.

“आड्याले जिथं तडा गेला, तिथंच बांधली म्या तिची साडी,” गुलाबराव म्हणाले. “तिनं या घराले कधी उघडं पडू देल्लं नाही, बाई. अन् तुमी म्हंता, मी उघडं करू?”

मी फोन पिशवीत ठेवला आणि म्हटलं, राहू द्या. खरंच राहू द्या, काका.

मग ते उठले, खांबाशी गेले आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडू लागले. साड्या एका बाजूने खाली आल्या. कवेलू (छपराची कौलं) निम्मीअधिक गेलेली. तडकलेलं आडं तारेने आवळून बांधलेलं, आणि वर उघडं आभाळ. साड्यांचे रंग गेले, जमिनीवर नुसतं ऊन पडलं. मी फोटो काढले. गुलाबराव जांभळी साडी छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी अगदी हलक्या आवाजात एक ओळ म्हटली. भिंतींनी ती खरंच धरून ठेवली, मी ऐकलं.

निघताना सुमनताईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा बांधून दिल्या. परतीच्या गाडीत मी अजिबात झोपले नाही. प्रश्न तिथेच, मांडीवर कागद घेऊन लिहिला. ‘मोडकळीस’ हा शब्द आजवर किती सहज लिहीत आले होते. या वेळी तो लिहायला हात उचलेना, तरी लिहिला.

उत्तर यायला उन्हाळा उजाडला. ‘हे अंशतः खरे आहे. स्थळपाहणी करण्यात येईल.’ आमच्या धंद्यात याला दिवाळी म्हणतात. मी लगेच सुमनताईंना फोन लावला आणि हात जोडून सांगितलं, आता साहेब येतील, कृपा करून रंग देऊ नका! त्या हसल्या. सडा तरी टाकू द्या, म्हणाल्या. मग फोन गुलाबरावांकडे गेला.

“छत काढून ठेवलं समदं. हिची साडी घडी करून पेटीत ठेवली. आता थेटर नीट झालं का मंगच बांधतो, शोभेसाठी.” मग त्यांनी विचारलं, “औंदाच्या हिवाळ्यात मी भितर गाईन, हे खरं हाय ना बाई?”

इतकी वर्षं मी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारायला लिहून देत आले. मला तो कुणी विचारला नव्हता. मी खरं आहे म्हटलं, आणि फोन ठेवून बाईंकडे गेले. त्या पाहणीचा पाठपुरावा आता मलाच करायचा आहे.