अक्कांनी दिलेला नकार

प्रा. सुमित्रा लाड यांना विद्यार्थी ‘अक्का’ म्हणतात. बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या कॉलेजात एम.ए.च्या पहिल्याच तासाला मी त्यांना प्रथम पाहिले. कुणीतरी विचारले, “या कादंबरीबद्दल तुमचे मत काय?” अक्का म्हणाल्या, “आधी तुझे सांग.” वर्षभर हेच चालले. आम्ही मनातून चरफडत असू.

अमेरिकन अभिजात कादंबऱ्यांतील स्त्रिया हा त्यांचा जन्माचा विषय. अंतर्मनाचा कौल हेच अंतिम प्रमाण, असे तिथल्या अतींद्रियवादी विचारवंतांनी सांगितले. अक्कांनी आपल्या ग्रंथात त्यापुढचा प्रश्न विचारला. पुरुष स्वतःला शोधायला रानात जाऊन राहू शकतो. बाईला ते स्वयंपाकघरात, माणसांच्या गराड्यात करावे लागते. तिचे स्वावलंबन अधिक अवघड, म्हणून अधिक खरे, हे त्यांनी नायिकांच्या साध्या साध्या कृतींतून दाखवून दिले.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी त्यांच्याकडे याच विषयावर प्रबंध लिहीत होते. तेव्हा घरी निपाणीचे स्थळ आले. संशोधन सोडायचे, ही मुलाकडच्यांची अट होती आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, होकार कळवायच्या बेतात होते. मी प्रबंधाचे तिसरे प्रकरण अक्कांच्या हाती दिले आणि त्याच दमात म्हणाले, “अक्का, येलहंकाला आमच्या घरी या. अण्णांना तुम्हीच सांगा.”

अक्कांनी चार पाने वाचली. “सरी, बरं, येते. पण मग हे प्रकरण परत घेऊन जा. यातली बाई स्वतःचे स्वतः बोलते.”

मला संताप आला. पुस्तकातल्या बायकांना काय जाते बोलायला! पण हा नकारच होता आणि दुसरा उपाय नव्हता. त्या संध्याकाळी चहाचा कप अण्णांपुढे ठेवून मी उभ्या उभ्या सांगून टाकले की हे लग्न मी करणार नाही, प्रबंध पुरा करणार आहे.

“बाईंनी पढवून पाठवलं वाटतं?”

“नाही. त्यांनी यायला नकार दिला.”

अण्णांनी कप उचलून चहा संपवला. मग म्हणाले, “निपाणीला मी कळवतो.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी अक्का डबा घेऊन उभ्या होत्या. “स्वल्प खा आधी,” म्हणाल्या. चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, खाता खाता मी सगळे सांगितले. त्यांचे डोळे भरून आले. “काल तुला एकटीला पाठवलं, ते चुकलं की काय, याच धास्तीत होते मी,” त्या म्हणाल्या. एवढ्या करारी बाईंना माझ्यासाठी भीती वाटली होती, या आठवणीने मला आजही भरून येते.

आज मी त्यांच्याच विभागात शिकवते. अक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. हा लेख छापण्यापूर्वी त्यांना दाखवावा, असे गौरवांकाच्या संपादकांनी सुचवले होते. मी दाखवलेला नाही. यातले काही त्यांना मुळीच पटणार नाही. त्यावर माझ्याशी कडकडून भांडायला त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो.